शेवटचा कागद कोणता?

माझी भाची मेकॅनिकल इंजिनीअर आहे, पुण्यात नोकरी करते. ‘मुलगी नक्की काय करते?’ असं पाहुण्यांनी विचारलं की माझी बहीण ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढं सांगून चहाचा ट्रे पुढे करते. तिचंही बरोबरच आहे म्हणा! बँकेतली नोकरी डोळ्यांपुढे येते, शाळेतली येते. ही काही केल्या येत नाही. मी तर आर्ट्‌सची. शेवटी गेल्या दिवाळीत तिला समोर बसवलं आणि म्हटलं, ‘‘अगं, मला कळेल असं सांग बघू.’’

‘‘मावशी, एका मोटारीत हजारो सुटे भाग असतात. प्रत्येकाचं ड्रॉइंग, माप, धातू, किंमत वेगळी. त्यात रोज बदल होतात. हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे प्रॉडक्ट डेटा मॅनेजमेंट, आमच्या भाषेत पीडीएम.’’

हे चालतं वाचनालयासारखं. एकाने ड्रॉइंग दुरुस्तीला घेतलं की त्याच्या नावावर लागतं. बाकीचे बघू शकतात, पण हात लावू शकत नाहीत. दुरुस्ती झाली की वरिष्ठ तपासतात, मंजूर करतात आणि त्याला नवा क्रमांक मिळतो. जुनं फेकत नाहीत, पण त्यावरून कोणी माल बनवू शकत नाही. कोणी, कधी, का बदललं याची नोंद राहते. शिवाय हा स्क्रू बदलला तर तो आणखी कुठल्या कुठल्या यंत्रात बसवलाय, तेही क्षणात कळतं. टीमसेंटर, विंडचिल ही यातली नावाजलेली सॉफ्टवेअर्स, आणि त्यांच्यावर आपल्या पुण्यातही काम चालतं, बरं का!

‘‘पण एवढा आटापिटा कशाला?’’ मी विचारलं. तेव्हा तिने एअरबसची गोष्ट सांगितली.

ए-३८० हे एअरबसचं दुमजली, अवाढव्य विमान. त्यात सुमारे ५३० किलोमीटर वायर. मुंबईहून निघाली तर सावंतवाडी गाठेल एवढी! विमानाचे भाग युरोपातल्या चार देशांत बनायचे आणि फ्रान्समध्ये तुलूझला जोडले जायचे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून वायरी बसवलेले भाग तुलूझला आले आणि काही वायरी चक्क आखूड पडल्या. कारण काय, तर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर एकच, कॅटिया. पण जर्मनी आणि स्पेनमध्ये त्याची चौथी आवृत्ती, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये पाचवी. दोन्हींमधली माहिती एकमेकींत नीट मिसळत नव्हती. इकडचा बदल तिकडे जसाच्या तसा पोचत नव्हता. त्यातून वजन कमी करायला काही वायरी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या घेतलेल्या. त्यांना वळायला जास्त जागा लागते, हा हिशेबही चुकला. हॅम्बुर्गचे शेकडो कामगार तुलूझला येऊन हाताने वायरी ओढत बसले. एकट्या २००६ सालात कंपनीचे दोन प्रमुख पायउतार झाले. पहिलं विमान गिऱ्हाइकाच्या हाती पडलं ते ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्यापेक्षा दीड वर्षाहून जास्त उशिरा.

माणसं हुशार, पैसा अमाप, कॉम्प्युटर उत्तम. फक्त सगळ्यांसमोर एकच कागद नव्हता!

ऐकताना मला आमच्या बचत गटाचं शिवणकाम आठवलं. एका शाळेच्या गणवेशांची ऑर्डर होती. शाळेने मध्येच फ्रॉकची उंची दोन इंचांनी वाढवली आणि ते आमच्यातल्या एकीलाच फोनवर कळवलं. बाकीच्या जुन्या कागदी कटिंगवरच कापत राहिल्या. चाळीस फ्रॉक परत आले. नुकसान झालं ते झालंच, पण ‘तू सांगितलं नाहीस’, ‘तू विचारलं नाहीस’ यात दोन बायकांनी गट सोडला, याचं दुःख मोठं. मग आम्ही वही घातली. प्रत्येक कटिंगवर नंबर, तारीख आणि सही. बदल झाला की जुन्यावर लाल काट, आणि सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कात्री चालवायची नाही. भाचीला वही दाखवली तर ती हसून म्हणाली, ‘‘मावशी, हेच तर पीडीएम!’’

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येकींची वही अजून डोक्यातच असते. सासऱ्यांची बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली, हे फक्त आपल्याला ठाऊक. आपण चार दिवस गावाला गेलो, तर घरचे फ्रिजवरची जुनी चिठ्ठी बघूनच गोळ्या देणार ना? इथे दोन इंचांचा नाही, जिवाचा प्रश्न असतो. तेव्हा नवी चिठ्ठी लिहा, तिच्यावर तारीख घाला, जुनीवर काट मारून ती फाइलला लावा. आणि घरातल्या प्रत्येकाला एक सवय लावा. गोळी हातात घेण्याआधी विचारायचं, ‘हा शेवटचाच कागद ना?’