मोबाइलवरची दुकानदारी आणि परतीचे पार्सल



शाळेतल्या अंकगणितातले एक उदाहरण आपण सर्वांनीच कधी ना कधी सोडविले आहे. एका व्यापाऱ्याने अमुक रुपयांना वस्तू घेतली आणि तमुक रुपयांना विकली. तर त्यास नफा किती झाला? वजाबाकी केली की उत्तर हाती आले. गुरुजींनी बरोबरची खूण केली आणि आपण मोकळे झालो.

आज खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ भगिनी, काही तरुण मुले आणि सेवानिवृत्त मंडळीही घरी बसून मोबाइलवर माल विकतात. कुणी साड्या विकते, कुणी लहान मुलांचे कपडे, कुणी भांडी, कुणी नकली दागिने. माल स्वतः बनवायचा नाही. दुसऱ्याकडून घ्यायचा आणि तिसऱ्याला विकायचा. या धंद्याला सर्रास ‘रिसेलिंग’ म्हणतात. यात शिरणारा बहुतेक जण शाळेतलीच वजाबाकी करून शिरतो आणि तिथेच फसतो. ती वजाबाकी कुठे चुकते, हे आज आपण पाहू.

तसा हा धंदा आपल्याला नवा नाही. पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव फिरणारा कापडवाला वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो ओसरीवर बसे, गाठोडे सोडी, साडीचा पदर उलगडून दाखवी. बायका सूत चोळून पाहत, रंग उन्हात धरून पाहत, घासाघीस करीत आणि मग घेत. आता गाठोड्याच्या जागी मोबाइल आला आहे. फरक एवढाच, की गिऱ्हाइकाला सूत चोळून पाहता येत नाही. ते फक्त चित्र पाहते. धंद्यातल्या बऱ्याच अडचणी या एका फरकातून निघतात.

ही दुकानदारी दोन रीतींनी चालते. पहिल्या रीतीत माल आपण आधी विकत आणून घरी ठेवतो. सुरत, इचलकरंजी, मालेगाव, सोलापूर अशा पेठांतून घाऊक भावाने आणायचा आणि मागणी येईल तसा पाठवायचा. यात भांडवल अडकते, पण माल डोळ्यांखालून गेलेला असतो. दुसऱ्या रीतीत माल घरी येतच नाही. व्यापारी चित्रे पाठवितो, आपण त्यावर आपला नफा चढवून ती ओळखीच्या लोकांना पाठवितो, आणि मागणी आली की व्यापारी परस्पर गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पार्सल रवाना करतो. यात भांडवल लागत नाही, म्हणून ही रीत सोपी वाटते. पण जो माल आपण कधी पाहिला नाही, त्याची हमी मात्र आपण देऊन बसतो.

या दुसऱ्या रीतीचा प्रसार कसा झाला, तेही सांगतो. मीशो नावाची कंपनी २०१५ साली बंगळुरूमध्ये निघाली. आरंभीच्या वर्षांत तिचा मोठा आधार म्हणजे व्हॉट्सॲपवरून मैत्रिणींना, नातेवाइकांना माल विकणाऱ्या गृहिणी होत्या. यादीतले चित्र उचलायचे, पन्नास-शंभर रुपये वर लावायचे आणि पुढे पाठवायचे, असा तो व्यवहार. पुढे हीच कंपनी थेट गिऱ्हाइकांनाही माल विकू लागली. आता तेच चित्र, त्याच मालाचे, गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या मोबाइलवर दिसते, भावासकट दिसते. तेव्हा नुसते चित्र पुढे ढकलून मधले पैसे मिळविण्याचे दिवस बरेचसे सरले, हे नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

आता हिशेबाकडे वळू. समजा, आपल्या गावातल्या एका ताईंनी बचतीतून दहा साड्या आणल्या. प्रत्येकी खरेदी ४५० रुपये. विक्रीचा भाव ठेवला ७५० रुपये. शाळेतली वजाबाकी सांगते, साडीमागे ३०० रुपये, म्हणजे दहा साड्यांचे ३००० रुपये नफा. ताई खूश, घरचेही खूश.

आता खर्चाची वही उघडा. दहा साड्यांची खरेदी ४५०० रुपये. पेठेतून घरापर्यंत माल आणण्याचे साडीमागे ३० रुपये, म्हणजे ३००. पिशवी, चिकटपट्टी, चिठ्ठी यांचे साडीमागे १५, म्हणजे १५०. पार्सल पाठविण्याचे साडीमागे ७०, म्हणजे ७००. एकूण झाले ५६५० रुपये. सर्व साड्या ‘माल पोचल्यावर पैसे’ या बोलीवर पाठविल्या. आठ जणींनी घेतल्या. एकीच्या घराला कुलूप होते, एकीला रंग आवडला नाही. दोन पार्सले परत आली. परतीचे भाडेही ताईंनाच पडले, १४० रुपये. खर्च झाला ५७९०. आठ साड्यांचे आले ६०००. हाती राहिले २१० रुपये आणि दोन साड्या. त्या दोन साड्या शेजारी खरेदीच्याच भावाने दिल्या, तर आणखी ९०० आले. म्हणजे एकूण ११११ नव्हे, १११० रुपये. मनातल्या ३००० रुपयांचे हे असे झाले.

आणि दोनाच्या जागी तीन साड्या परत आल्या तर? खर्च ५८६०, जमा ५२५०. रोकड ६१० रुपयांनी घटली आणि तीन साड्या घरात पडून राहिल्या. पुढच्या खेपेला माल आणायला पैसे नाहीत. विक्री दहात सात झाली, लोकांनी नावाजले, तरी पुढची खेप अडली. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. आपापल्या मालाचे, आपापल्या भाड्याचे आकडे घालून प्रत्येकाने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. त्यात मोबाइलचा रिचार्ज धरावा, आणि चित्रे काढणे, चौकशांना उत्तरे देणे, पार्सल बांधणे, टपालात नेऊन देणे यांत गेलेले तासही धरावेत. घरच्या बाईच्या वेळेला मोल नसते, असे समजून केलेला हिशेब खोटा असतो.

आपल्या जुन्या व्यापाऱ्यांत ‘जाकड’ नावाची एक पद्धत होती. माल घरी न्या, दाखवा, पसंत पडला तर पैसे द्या, नाही तर परत आणा. लग्नसराईत कापड असेच जाकडाने जाई. पण दुकानदार जाकड कुणाला देई? ज्याचे घर ठाऊक, ज्याच्या वडिलांचे नाव ठाऊक, त्यालाच. ‘माल पोचल्यावर पैसे’ हा एका परीने जाकडाचाच व्यवहार आहे. मात्र तो अनोळखी माणसाशी होतो, आणि जाण्यायेण्याचे भाडे दुकानदाराच्या माथी बसते. म्हणून शहाण्या विक्रेत्याने जाकडाचा जुना नियमच पाळावा. ओळखीच्याला मोकळीक द्यावी. अनोळखी गिऱ्हाइकाकडून निदान भाड्यापुरती रक्कम आगाऊ घ्यावी. पार्सल निघण्यापूर्वी एक फोन करावा. “ताई, रंग मोरपंखी आहे, काठ दोन बोटांचा आहे, ब्लाउजपीस सोबत आहे; पाठवू ना?” एवढे विचारले की डळमळीत गिऱ्हाईक तिथल्या तिथे कळते. पाठविलेले पार्सल परत येण्यापेक्षा न पाठविलेले बरे.

माल परत येण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे चित्र एक आणि माल दुसरा. चित्र दिवसाउजेडी, दारात किंवा अंगणात काढावे. दिव्याखाली रंग फसवितो. व्यापाऱ्याने धाडलेले चित्र तसेच पुढे पाठविण्याआधी त्या मालाचा एक नग स्वतःसाठी मागवून पाहावा, धुऊन पाहावा. लांबी, रुंदी, माप खरे सांगावे. कुठे सुताची गाठ असेल, तर तीही चित्रात दाखवावी. दोष आधी सांगितला तर गिऱ्हाईक पैसे कमी करून मागेल, पण गिऱ्हाईक राहील. पार्सल बांधताना मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवावे. पुढे “आत माल नव्हताच” अशी तक्रार आली, तर ते उपयोगी पडते.

नावाच्या बाबतीतही तेवढेच जपावे. येवल्याची हातमागाची पैठणी आणि यंत्रमागावर विणलेली पैठणीसारखी साडी, यांत किमतीचा मोठा फरक आहे. पैठणीला आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते नाव भलत्याच मालाला चिकटविणे कायद्यात बसत नाही. यंत्रमागाची साडी यंत्रमागाची म्हणूनच विकावी. त्यात कमीपणा नाही. रेशीम आणि हातमाग ओळखण्यासाठी ‘सिल्क मार्क’ आणि ‘हॅण्डलूम मार्क’ अशा खुणा आहेत, त्या पाहून माल घ्यावा.

मंडळी, मघाशी मी म्हणालो की तेच चित्र आता गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरही आहे. मग ते गिऱ्हाईक आपल्याकडे कशासाठी येईल? ते येईल, ते शब्दासाठी. “वहिनींनी सांगितले म्हणजे रंग जाणार नाही,” हा विश्वास कुठल्याही यादीत मिळत नाही. तिच्या मुलीच्या अंगाला कोणते माप बसेल, सासूला कोणता रंग चालतो, हे आपल्याला ठाऊक असते. छोट्या विक्रेत्याचे खरे भांडवल हेच. आणि म्हणूनच तोटा झाला तर तो नुसत्या पैशांचा होत नाही. परमुलखातला व्यापारी फसवून पसार होतो. आपल्याला तर उद्या त्याच पाणवठ्यावर, त्याच हळदीकुंकवाला जायचे असते.

आता थोडे कायद्याविषयी. महाराष्ट्रात नुसत्या मालाची विक्री करणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. मात्र आपल्या राज्याबाहेर माल विकायचा असेल, तर उलाढाल कितीही थोडी असली तरी बहुतेक मालाला नोंदणी आधी लागते. मोठ्या संकेतस्थळांवर दुकान थाटायचे तर पूर्वी प्रत्येकाला नोंदणी करावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना त्यातून सूट आहे, फक्त जीएसटीच्या संकेतस्थळावरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दर कधीही लावू नये. खाण्याचे पदार्थ विकायचे असतील तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी, आणि परवान्यावाचून औषधांच्या वाटेला जाऊच नये. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट म्हटले आहे.

फसवणुकीपासूनही सावध राहिले पाहिजे. “पैसे पाठवितो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका,” असे कुणी म्हणाले तर व्यवहार तिथेच थांबवावा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. तो देण्यासाठी लागतो. पैसे पाठविल्याचे चित्र म्हणजे पैसे नव्हेत; आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली पाहावी, मगच पार्सल द्यावे. “आधी सभासद-फी भरा, मग आणखी चार सभासद आणा,” असे सांगणारा धंदा मालाचा नसतो, माणसांच्या साखळीचा असतो. त्यापासून दूर राहावे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक.

गुरुजनांना दोन शब्द. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत असणाऱ्यांना परवानगीवाचून खाजगी व्यापार करता येत नाही. घरातील मंडळींनी धंदा केला, तरी पालकांच्या गटावर त्याची जाहिरात करणे टाळावे. शिक्षकाच्या शब्दाला नाही म्हणणे पालकांना जड जाते. पण आपल्या हातून याहून मोठे काम होण्यासारखे आहे. नफातोट्याचा धडा शिकविताना फळ्यावर या दहा साड्यांचे उदाहरण मांडा. भाडे घाला, पिशवी घाला, परत आलेली पार्सले घाला. मुले ते उदाहरण घरी नेतील आणि आईच्या वहीत डोकावतील. वहीच नसेल, तर ती आखून देतील. किती आणले, किती गेले, किती परत आले आणि का परत आले, असे चार रकाने पुरेत. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. महिनाभर तो भरला, की कोणता माल आणू नये हे कुणाला विचारावे लागत नाही.

सुरुवात करणाऱ्या भगिनींना माझे सांगणे एवढेच. दागिने गहाण ठेवून सुरुवात करू नका. गेले तरी घर चालेल एवढ्याच रकमेचा माल आणा. पाच नग आणा, विका, हिशेब मांडा, मगच दहा आणा. एका महिन्यात श्रीमंत करणारा हा धंदा नव्हे. नीट सांभाळला तर मुलांच्या वह्यापुस्तकांना, दवाखान्याला, सणावाराला हातभार लावणारा आहे, आणि ज्या बाईला घर सोडून कामाला जाता येत नाही, तिच्या हाती स्वतःचे चार पैसे येणे ही काही थोडी गोष्ट नाही.