नांदेड-लातूरच्या रंगमंचाचा मागोवा

पुण्या-मुंबईच्या रंगभूमीचा इतिहास लिहू पाहणारास नाट्यगृहांची नावे आणि नाटक मंडळ्यांचे दौरे यांच्या आधारे कालक्रम लावता येतो. नांदेड आणि लातूर यांच्या बाबतीत ती सोय नाही, कारण येथे रंगमंच आधी उभा राहिला व नाट्यगृह फार मागाहून आले, आणि मधल्या काळात या रंगमंचाचा सांभाळ मुख्यत्वे यात्रेने व महाविद्यालयाने केला, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असताना, निजामी अमलात, उर्दू ही राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा होती. शिवाय जाहीर सभेस परवाना आवश्यक करणारी ‘गश्ती निशाण ५३’ लागू असल्याने चार माणसे एकत्र जमवून मराठीत बोलणे हेच कचेरीच्या मर्जीवर अवलंबून असे. लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत मात्र मार्गशीर्षाच्या कडाक्याच्या थंडीत तमाशाचे फड उतरत, आणि गण, गौळण, बतावणी व वग या क्रमाने रंगणारा खेळ जनावरांच्या बाजारासाठी आलेला शेतकरी कांबळे पांघरून पहात बसे.

हैदराबाद मुक्तीनंतर १९५० साली त्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडात पीपल्स कॉलेज स्थापन झाले. पुढे याच महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर भरताच्या नाट्यशास्त्राचा गंभीर व्यासंग येथेच बसून करीत होते, आणि ‘रंगशाळा’ हा त्यांचा ग्रंथ त्याची साक्ष देतो. नाट्यगृहावाचून नाट्यविचार पोरका राहत नाही, याचे याहून उत्तम उदाहरण मला ठाऊक नाही. याच मातीतील दत्ता भगत यांनी ‘वाटा-पळवाटा’त दलित चळवळीतील तीन पिढ्यांचा वाद एका घरात आणून बसविला, त्या नाटकात कोणाचीही बाजू सहजासहजी हरत नाही, हे त्याचे खरे सामर्थ्य होय.

लातूरची गोष्ट निराळी. गंजगोलाईभोवती वाढलेल्या या व्यापारी पेठेस जिल्ह्याचा दर्जा मिळण्यास १९८२ साल उजाडावे लागले, आणि तेथील हौशी नाटकाला दीर्घकाळ दयानंद महाविद्यालयाच्या सभागृहाचा आसरा राहिला. १९५४ पासून सुरू असलेल्या राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रे पुढे या दोन्ही शहरांत आल्यामुळे दिवसा नोकरी आणि रात्री तालीम करणाऱ्या मंडळींना परीक्षकांपुढे उभे राहण्याचा मान आपल्याच गावी लाभू लागला.

१९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व कालांतराने प्रयोगकलांचे रीतसर शिक्षण नांदेडात मिळू लागले. तथापि अधिक व्यापक शिक्षण घडते ते युवक महोत्सवात. आडगावच्या महाविद्यालयातील ज्या मुलीने कधी पडदा वर जाताना पाहिलेला नसतो, ती तेथे मूक अभिनयासाठी चेहऱ्यास पांढरा रंग फासून उभी राहते, आणि शब्दावाचून सभागृह स्तब्ध करता येते हे स्वतःच्या देहाने शिकते.

नांदेडात आज कुसुम सभागृह आहे, शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे. परंतु स्पर्धेपुरत्या लिहिल्या गेलेल्या आणि कधीच न छापल्या गेलेल्या संहिता, प्रयोगापूर्वी संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या शिक्क्यांसह, आजही घरोघरीच्या पेट्यांत पडून असतात. ज्यांच्यापाशी असे दफ्तर असेल त्यांनी ते रद्दीत न घालता आपल्या जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.