जागा सोडणारे प्रथिन आणि रक्ताचा कॅन्सर

घरात कुणाला रक्ताचा कॅन्सर झाला की आपल्यातही अजून कुणीतरी हळूच मागच्या जन्माचा विषय काढतेच. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना विज्ञानाच्या कसोटीवर नाकारली आहे. म्हणून या वेळी आम्ही कर्माबद्दल नव्हे, एका प्रथिनाबद्दल लिहीत आहोत.

पेशीच्या केंद्रकात न्यूक्लिओलस नावाचा एक गडद ठिपका असतो. शरीरातली सगळी प्रथिने रायबोसोम बनवतात, आणि रायबोसोमचे दोन भाग या ठिपक्यात तयार होतात. सुमारे 80 प्रथिने आणि आरएनएचे 4 धागे जुळवायचे, ते भाग बाहेर पाठवायचे, अशी ही मोठी कामगिरी. त्यात हातभार लावणारे एक प्रथिन म्हणजे न्यूक्लिओफॉस्मिन. ते आत-बाहेर ये-जा करते, पण त्याचा मुक्काम न्यूक्लिओलसमध्येच.

2005 साली इटलीतल्या पेरुजिया येथील डॉ. ब्रुनान्जेलो फालिनी आणि सहकाऱ्यांना अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत हे प्रथिन भलत्याच जागी, केंद्रकाबाहेर सापडले. या प्रथिनाच्या जनुकात बहुधा फक्त 4 अक्षरे जास्तीची घुसलेली असतात. तेवढ्याने प्रथिनाचे शेपूट बदलते आणि ते बाहेरच अडकून पडते. हा आजार झालेल्या प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत हा बिघाड आढळतो. जनुकाची दुसरी प्रत शाबूत असल्याने रायबोसोम बनणे थांबत नाही. पण रक्तपेशींना पक्व होऊ न देणारी जनुके चालूच राहतात. हा बिघाड सहसा आईवडिलांकडून येत नाही, आयुष्यात पुढे कधीतरी घडतो. त्यामुळे सुनेला किंवा तिच्या माहेराला बोल लावणाऱ्यांनी जरा थांबावे.

न उतरणारा ताप, फिकेपणा, दम लागणे, हिरड्या सुजणे वा त्यातून रक्त येणे, मार न लागता काळेनिळे डाग: यातले काही दिसले तर टॉनिकवर दिवस घालवू नका. सीबीसी आणि रक्ताचा स्मिअर करून घ्या. निदान झालेच, तर 'एनपीएम1' आणि 'एफएलटी3' या तपासण्या केल्या का, हे डॉक्टरांना न संकोचता विचारा. पहिला बिघाड आहे आणि दुसरा नाही, अशा रुग्णांना केमोथेरपीचा गुण तुलनेने चांगला येतो. उपचारानंतर आजार किती उरला, हेही याच खुणेवरून शोधता येते.