चारपर्यंत म्हणजे नेमकं कधी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ट्रॉम्बेच्या एका वस्तीत मी काही वर्षं संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग घेत असे. येणारी मुलं बहुतेक आसपासच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून लागलेली. त्यातला एक फिटर एके दिवशी तोंड पाडून आला. पाळी संपताना त्यानं नोंदवहीत इंग्रजीत लिहिलं होतं, 'व्हॉल्व्ह टु बी क्लोज्ड बाय फोर.' त्याला म्हणायचं होतं, व्हॉल्व्ह चारपर्यंत बंद ठेवा, मग उघडा. पुढच्या पाळीच्या माणसानं वाचलं, चारच्या आत व्हॉल्व्ह बंद करा. त्यानं जाऊन पाहिलं तर तो बंदच होता. काम झालेलंच आहे, असं समजून तो स्वस्थ बसला. चार वाजून गेले, पाणी वर चढेना. दोन तास काम खोळंबलं. इजा कुणाला झाली नाही, पण बोलणी या पोराला खावी लागली.

"सर, मराठीत मी बरोबरच म्हणत होतो ना?" त्यानं विचारलं. होता की! आपल्या 'पर्यंत'ची गंमतच ही आहे. 'मी येईपर्यंत थांब' आणि 'मी येईपर्यंत भात करून ठेव' या दोन्ही वाक्यांत 'येईपर्यंत' तेच. पण थांबणं हे मी येईतो सलग चालायचं आहे, आणि भात मात्र मी यायच्या आत कधीही एकदा झाला की पुरे. हा फरक मराठीत क्रियापदावरून कळतो. बंद 'ठेव' की बंद 'कर', एवढ्यानं भागतं.

इंग्रजी मात्र जोडणारा शब्दच बदलायला लावतं. सलग चालणाऱ्या गोष्टीला 'अंटिल' किंवा 'टिल', आणि मुदतीच्या आत उरकायच्या गोष्टीला 'बाय द टाइम'. पुढे वाक्य नसून नुसती वेळ असेल तर 'बाय' पुरतं. शंका आली तर मनातल्या मनात 'तोवर सारखं' हे शब्द घालून पाहा. 'तोवर सारखं थांब' चालतं, म्हणून तिथे 'अंटिल'. 'तोवर सारखा भात करून ठेव' म्हटलं तर घरातले हसतील, म्हणून तिथे 'बाय द टाइम'.

वर्गाला उदाहरणं लागत, ती मी त्यांच्या रोजच्या वाटेवरची देई. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कुंपणावरून यातले निम्मे जण जात. तिथली 'अप्सरा' ही आपली पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं रीतसर उद्घाटन झालं ते २० जानेवारी १९५७ ला. म्हणजे 'बाय द टाइम' नेहरू आले, भट्टी पेटून पाच महिने उलटले होते. या केंद्राला भाभांचं नाव मिळालं १९६७ साली, त्यांच्या निधनानंतर. 'अंटिल' १९६७, ते ट्रॉम्बेची अणुऊर्जा संस्था म्हणून ओळखलं जाई. दोन्ही ठिकाणी मराठीत 'पर्यंत' किंवा 'तोवर' म्हणून निभावतं, इंग्रजीत अदलाबदल करून चालत नाही.

'व्हेन', 'व्हाइल' आणि 'ॲज' यांनाही तीच भट्टी उपयोगी पडली. भट्टीतल्या नियंत्रक सळ्या हळूहळू वर ओढतात. हे काम चालू असताना शास्त्रज्ञ मोजमापाच्या काट्याकडे डोळे लावून बसतात, तिथे 'व्हाइल'. सळ्या जसजशा वर, तसतशी न्यूट्रॉनांची संख्या वाढत जाते, तिथे 'ॲज'. आणि साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू झाली, तो क्षण गाठला, तेव्हा 'व्हेन'. 'असताना', 'जसजसं', 'तेव्हा' हे आपले शब्द इथे बरोबर वाट दाखवतात. कठीण गोष्ट भासते ती उगाच.

खरी पंचाईत दुसरीकडे आहे. 'पाणी उकळत नाही तोपर्यंत चहापत्ती टाकू नकोस' हे आपलं रोजचं वाक्य. त्यातला पहिला 'नाही' आपण इंग्रजीतही नेतो आणि 'अंटिल द वॉटर डझ नॉट बॉइल' म्हणतो. 'अंटिल'च्या पोटात तो नकार आधीच आहे, म्हणून नुसतं 'अंटिल द वॉटर बॉइल्स'.

तसंच 'तो येईल तेव्हा' वरून 'व्हेन ही विल कम'. ही चूक तर पदवीधरही करतात. वेळ सांगणाऱ्या या उपवाक्यात इंग्रजी भविष्यकाळ घेत नाही, 'व्हेन ही कम्स' म्हणतं. मुलांना हे विचित्र वाटे. मग मी विचारी, 'तो आला की जेवू' म्हणता ना? तो अजून यायचाय, आणि तुम्ही खुशाल 'आला' म्हणता! यावर वर्ग हसे, आणि नियम मात्र लक्षात राही. 'येताच'साठी 'ॲज सून ॲज' आणि 'एकदा का आला की'साठी 'वन्स', हे त्यांनी मग आपलं आपणच जुळवलं.

त्या फिटरनं पुढच्या आठवड्यात नोंदवही लिहिली त्याची नक्कल मला आणून दाखवली. 'कीप क्लोज्ड अंटिल फोर,' आणि त्याखाली वेगळ्या ओळीत, 'ओपन ॲट फोर.' दुसरी ओळ मी शिकवलेली नव्हती.