मानवी तस्करीची लक्षणे व सुरक्षित प्रतिसाद (भंडारा जिल्हा)

मानवी तस्करी म्हणजे धाक, फसवणूक, अपहरण किंवा प्रलोभन यांद्वारे शोषणासाठी एखाद्या व्यक्तीची भरती करणे, तिला अन्यत्र नेणे अथवा ताब्यात ठेवणे होय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांच्या अपव्यापारास व वेठबिगारीस मनाई केली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार या गुन्ह्यास किमान ७ वर्षे, तर पीडित बालक असल्यास किमान १० वर्षे सश्रम कारावासाची शिक्षा आहे. पीडिताची संमती येथे गौण ठरते.

स्थानिक संदर्भ

भंडारा जिल्ह्यातील भंडारा रोड (वरठी) आणि तुमसर रोड (देव्हाडी) ही स्थानके मुंबई–हावडा लोहमार्गावर आहेत. धानाचा हंगाम संपल्यावर अनेक मजूर कामासाठी बाहेरगावी जातात. असे स्थलांतर म्हणजे तस्करी नव्हे. मात्र फसवणूक करणारा दलालही रोजगाराचेच आमिष दाखवीत असल्याने दोहोंतील भेद ओळखणे आवश्यक ठरते.

लक्षणे

* कामाचे ठिकाण, मालक वा मजुरी यांविषयी स्पष्ट माहिती न देणे
* ओळखपत्र किंवा मोबाइल काढून घेणे
* उचल फिटेपर्यंत काम सोडू न देणे
* संबंधित व्यक्तीऐवजी सोबत्यानेच प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणे
* सोबतच्या प्रौढाशी असलेले नाते बालकास सांगता न येणे

यांपैकी एखादे लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. ते चौकशीची गरज सूचित करते.

सुरक्षित प्रतिसाद

संशयिताला हटकणे, त्याचा पाठलाग करणे किंवा स्वतः सुटका करण्याचा प्रयत्न करणे पीडितासही धोक्याचे ठरू शकते. ठिकाण, वेळ, वाहन अथवा डब्याचा क्रमांक व वर्णन लक्षात ठेवून ११२ (आपत्कालीन साहाय्य), १०९८ (बालक), १८१ (महिला) किंवा १३९ (रेल्वे) या क्रमांकांवर कळवावे. पीडित बालकाचे छायाचित्र वा नाव प्रसारित करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने बंदी आहे.

बालक बेपत्ता झाल्यास वाट न पाहता तक्रार द्यावी. अशा तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा निर्देश आहे. घटना अन्यत्र घडली असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती नोंदविता येते.

सुटकेनंतर

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार वेठबिगारीचे कर्ज संपुष्टात येते. त्यामुळे उचल बाकी असल्याच्या कारणावरून मजुराला पुन्हा कामावर नेता येत नाही.