रबर स्टारचं, हात तुमचा!

कॉलेजच्या जिमखान्यातलं हे दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल. इंटरकॉलेजिएट जवळ आली की कुणीतरी नवी टेबल टेनिस बॅट घेऊन येतं. सगळे भोवती जमतात, रबरावर बोट फिरवून बघतात आणि पहिला प्रश्न येतो, 'कोण वापरतं हे?' 'तुझ्या गेमला चालेल का?' असं मात्र कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. सेकंड इयरला शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे मी एका फास्ट रबराच्या जोडीवर उडवले. व्हिडिओत त्या रबरावरून बॉल गोळीसारखा सुटायचा. माझ्या बॅटवरूनही सुटला, पण थेट टेबलाच्या बाहेर! स्पर्धेला दहा दिवस होते. पहिल्याच फेरीत ०-३ ने हरले. माहुलला आमच्या बिल्डिंगखालच्या टेबलावर रोज खेळणारे एक रिटायर्ड काका आहेत. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, 'अगं, बॅट बदललीस, हात कुठे बदललास?'

तुमचे पैसे आणि मॅच दोन्ही वाचावेत, म्हणून हा लेख.

मुंबईत घडलेली क्रांती

रबराने खेळ किती बदलतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. १९५२ ची जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत झाली होती. तेव्हा जवळपास सगळे पिंपल्सवालं पातळ रबर वापरायचे. त्यावर बॉल लागला की 'टक' असा आवाज यायचा आणि त्या आवाजावरून समोरच्याला फटक्याचा अंदाज यायचा. जपानचा हिरोजी सातो मात्र जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. आवाज जवळजवळ नाही आणि वेग भलताच! चष्मा लावणारा, जपानबाहेर फारसा कुणाला माहीत नसलेला हा खेळाडू भल्याभल्यांना गोंधळात टाकत फायनलला गेला आणि हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून जगज्जेता झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. सातोला पुन्हा कधीच जागतिक एकेरीचं विजेतेपद मिळालं नाही. स्पंजची सवय झाल्यावर त्यातली जादू ओसरली. पुढे १९५४ आणि १९५६ मध्ये जगज्जेता झाला तो त्याच्याच देशाचा इचिरो ओगिमुरा. स्पंज त्याच्याकडेही होता, पण जोडीला जबरदस्त फूटवर्क आणि फोरहँड होता. १९५९ मध्ये नुसत्या स्पंजवर बंदी आली आणि वरचं रबर व खालचा स्पंज मिळून जास्तीत जास्त ४ मिलिमीटर जाडी असा नियम झाला. आपण आजही त्याच नियमात खेळतो. नव्या रबराने समोरचा काही दिवस गोंधळतो, नंतर तुमचा खेळच कामाला येतो.

आधी स्वतःचा गेम ओळखा

दुकानात जाण्याआधी एक सोपा होमवर्क करा. मित्राला मोबाइलवर तुमच्या दोन मॅच शूट करायला सांगा. मग वही घेऊन बसा आणि तुम्ही पॉइंट कशाने मिळवता, कशाने घालवता ते लिहा. टॉपस्पिन मारून जिंकता, की टेबलाजवळ उभं राहून ब्लॉक करता? की मागे जाऊन चॉप करत समोरच्याला दमवता? उत्तर प्रामाणिक असू द्या. बहुतेकांना आपण अटॅकर आहोत असं वाटतं, पण वहीत वेगळंच निघतं. माझ्या वहीत निघालं, 'ब्लॉकवर जिंकते, घाईघाईच्या स्मॅशवर हरते.'

कुठलं रबर कुणाला?

प्लेन रबर: वरून गुळगुळीत, पिंपल्स आत. बॉल पकडून ठेवतं, त्यामुळे स्पिन सगळ्यात जास्त. टॉपस्पिन आणि लूप खेळणाऱ्यांसाठी हेच. नवशिक्यांनीही इथूनच सुरुवात करावी, कारण स्पिन म्हणजे काय ते हाताला यावरच कळतं. तोटा एवढाच, की समोरच्याचा स्पिनही तितकाच लागतो.

शॉर्ट पिंपल्स: पिंपल्स बाहेर, पण आखूड. स्पिन कमी देतं आणि समोरच्याचा स्पिन कमी घेतं. टेबलाजवळ राहून पटापट हिट करणाऱ्यांना उपयोगी.

लाँग पिंपल्स: लांब, वाकणारे पिंपल्स. ते बॉलला नीट पकडतच नाहीत, म्हणून बॉल आला तसाच फिरत परत जातो. दिशा उलटल्यामुळे समोरच्याने मारलेला टॉपस्पिन त्याला बॅकस्पिन होऊन मिळतो. मनिका बात्रा बॅकहँडला हेच वापरते. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एकेरीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा वाटेत सिंगापूरच्या फेंग तियानवेईलाही हरवलं होतं. पण मनिका हवं तेव्हा बॅट फिरवून प्लेन बाजूनेही मारते. म्हणजे तिला दोन्ही रबरं पाठ आहेत. हे ट्रिक रबर नाही, ती एक वेगळी भाषा आहे. शिकायला वेळ द्या.

अँटीस्पिन: दिसायला प्लेन, पण पकड जवळजवळ नाही. स्पिन मारून टाकायचं आणि खेळाचा वेग तोडायचा, हे त्याचं काम.

जाडीचं गणित

रबराच्या पाकिटावर स्पंजची जाडी लिहिलेली असते. साधारण १.५ मिलिमीटर म्हणजे कंट्रोल. १.८ ते २ म्हणजे ऑलराउंड. त्याहून जाड किंवा 'मॅक्स' म्हणजे वेग, आणि चूक केलीत तर शिक्षाही तितकीच मोठी. मी घेतलं होतं ते 'मॅक्स'. आता फोरहँडला २ आणि बॅकहँडला १.८ लावलंय. ब्लॉक टेबलावर पडायला लागलेत आणि स्मॅशची घाईही कमी झालीय. दोन्ही बाजूंना सारखंच रबर हवं, असा कुठलाही नियम नाही.

हे विसरू नका

• स्पर्धेच्या तोंडावर रबर बदलू नका. हाताला सवय व्हायला निदान महिनाभर द्या.

• रबरावर आयटीटीएफची मान्यता छापलेली आहे ना, ते बघा. एक बाजू काळी आणि दुसरी तिच्यापेक्षा स्पष्ट वेगळ्या, उजळ रंगाची हवी. पूर्वी दोन्ही बाजू एकाच रंगाच्या चालायच्या. तेव्हा बॅट फिरवून फसवणं सोपं होतं, म्हणून हा नियम आला.

• पावसाळ्यात रबरावर ओल धरते आणि बॉल घसरतो. त्यात आमच्या माहुलसारखी हवा असेल, तर बारीक धूळही बसते. खेळून झालं की किंचित ओल्या स्पंजने पुसा, सुकू द्या, वर प्लास्टिक फिल्म लावा आणि बॅट कव्हरमध्येच ठेवा.

• नवं घेण्याआधी मित्राच्या बॅटने अर्धा तास खेळून बघा. त्याला एक पैसाही लागत नाही.

काकांची बॅट बरीच जुनी आहे. बॅकहँडला लाँग पिंपल्स, कडा झिजलेल्या. परवा त्यांच्याशी पाच गेमची मॅच झाली. मी २-३ ने हरले. पण पहिल्यांदाच दोन गेम घेतले आणि तेही ब्लॉकवर. तुमच्या कॉलेजच्या टेबलावरही असे एखादे सर, काका किंवा सीनियर असतीलच. नवं रबर घेण्याआधी एकदा त्यांच्याशी खेळा आणि विचारा, 'माझा गेम नक्की कसा आहे?'