पडद्यावरचा नकाशा कागदावर का बिघडतो?

वेब-नकाशा म्हणजे एकसंध चित्र नव्हे. ओपनलेअर्स किंवा लीफलेटच्या आधाराने बांधलेल्या संकेतस्थळावर तळाचा नकाशा बहुधा 256 × 256 पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांतून जुळवलेला असतो. त्यावर रस्ते, ओढे, गटांच्या हद्दी असे थर वेगवेगळ्या सर्व्हरवरून येऊन बसतात. छापताना ही सगळी जुळवाजुळव बऱ्याचदा पुन्हा होते. त्यामुळे छपाई फसली की आधी एवढेच पाहावे, की छापायचा नकाशा कोण तयार करतो: वापरणाऱ्याचा ब्राउझर की पलीकडचा सर्व्हर? दोन्हींचे आजार वेगळे, उपायही वेगळे.

कंट्रोल-पी दाबून छापले तर काम ब्राउझरचे. सूचीतले रंगीत चौकोन पांढरे पडले, तर कारण किरकोळ असते. शाई वाचवण्यासाठी ब्राउझर पार्श्वभूमीचे रंग मुळातच छापत नाही. प्रिंटच्या खिडकीत ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’वर खूण केली की ते परत येतात. नकाशाच्या जागी कोरी चौकट आली, तर संशय वेबजीएलवर घ्यावा. वेबजीएलने नकाशा रंगवणारी मॅपलिब्रेसारखी साधने पडद्यावर चित्र उमटले की ते जपून ठेवत नाहीत. नकाशा बांधतानाच ‘प्रिझर्व्ह ड्रॉइंग बफर’ चालू केलेले नसेल, तर छापायला हाती काहीच उरत नाही. ‘चित्र उतरवा’ हे बटण दाबूनही काही घडत नसेल, तर एफ-12 दाबून कन्सोल उघडावा; कारण बहुधा तिथे दिसते. परक्या सर्व्हरवरचे तुकडे त्याच्या परवानगीविना वापरले की ब्राउझर कॅनव्हास दूषित ठरवतो आणि तो फाइलमध्ये उतरवू देत नाही. ही परवानगी, म्हणजे सीओआरएस, तुकडे पुरवणाऱ्या सर्व्हरनेच द्यावी लागते. पानाच्या कोडमध्ये कितीही खटपट केली तरी तिची उणीव भरून निघत नाही.

धूसर छपाईमागे साधे गणित आहे. ए-4 कागद 300 डीपीआयने भरायला 2480 × 3508 पिक्सेल लागतात. 96 डीपीआयच्या हिशेबाने त्याच कागदावर 794 × 1123 एवढेच बसतात. पडद्यावरचे चित्र ताणून तिप्पट केले की ते फुटणारच. पुढच्या झूमचे बारीक तुकडे मागवले तर रेषा धारदार होतात, पण तुकड्यांवर आधीच छापलेली गावांची नावे मुंगीएवढी होतात. खरा उपाय म्हणजे छपाईच्या डीपीआयप्रमाणे नकाशा नव्याने रंगवून घेणे, आणि ते काम सर्व्हरला चांगले जमते.

जिओसर्व्हरचे छपाईचे मोड्यूल मॅपफिश प्रिंटवर चालते. ब्राउझर त्याला नुसती मागणीची यादी पाठवतो: कोणते थर, कोणता भाग, किती प्रमाण. मग सर्व्हर प्रत्येक थर स्वतः आणायला निघतो आणि घोटाळा इथे होतो. लॉगिन वापरणाऱ्याने केलेले असते. ती ओळख सर्व्हरपर्यंत पोचली नाही, तर पडद्यावर व्यवस्थित दिसणारा थर पीडीएफमधून गळतो किंवा पीडीएफच तयार होत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये ‘होस्ट्स’ नावाची यादी असते. तिच्यात न बसणाऱ्या पत्त्यावरून थर घेतला जात नाही. ही फाइल यॅमलमध्ये लिहिलेली असते. तिच्यात स्पेसऐवजी टॅब पडला तरी ती वाचली जात नाही, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नसल्याने शोधण्यात अख्खी दुपार जाऊ शकते. एफ-12च्या ‘नेटवर्क’ भागात 401 किंवा 403 दिसले तर अडचण परवानगीची. 504 दिसले तर काम वेळेत उरकले नाही, तेव्हा डीपीआय किंवा कागदाचा आकार कमी करून पाहावा.

मराठी नकाशांचे दुखणे निराळे. पडद्यावर ‘कोल्हापूर’ नीट दिसते, कारण तिथे वापरणाऱ्याच्या संगणकातला फाँट कामी येतो. सर्व्हरवर देवनागरी फाँटच नसेल तर नावाच्या जागी रिकामे चौकोन येतात. नोटो सान्स किंवा लोहित देवनागरी बसवून जिओसर्व्हर पुन्हा सुरू केला की ते जातात. फाँट असूनही पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरे सुटी पडली, तर दोष पीडीएफ घडवणाऱ्या लायब्ररीचा. अशा वेळी नावे मजकूर म्हणून न पाठवता चित्राच्या थरातच रंगवून घ्यावीत.

प्रमाणातली चूक सर्वांत घातक, कारण ती दिसत नाही. वेब मर्केटर प्रक्षेपणात विषुववृत्तापासून दूर जावे तशी अंतरे फुगतात. पुण्याच्या अक्षांशावर ही फूग सुमारे साडेपाच टक्के आहे. दुरुस्ती न करता 1:10,000 छापलेल्या नकाशावर खरा एक किलोमीटर 10 सेंटिमीटरऐवजी साधारण साडेदहा भरतो. मॅपफिशच्या जुन्या आवृत्तीत ‘जिओडेटिक’ हा पर्याय त्यासाठीच आहे. त्यातच प्रिंटरवर ‘फिट टू पेज’ निवडलेले असले, तर नकाशा थोडा आक्रसतो. कधी दोन्ही चुका एकमेकींना झाकतात आणि पट्टीला सगळे ठीक वाटते. छापताना ‘ॲक्चुअल साइझ’ निवडावा, आणि आकड्यातल्या प्रमाणाबरोबर रेषाप्रमाणही छापावे. कागद आक्रसला तर तेही सोबत आक्रसते. मात्र ते अक्षांशाची दुरुस्ती करून काढलेले आहे ना, हे दोन ओळखीच्या ठिकाणांमधल्या माहीत असलेल्या अंतराशी एकदा ताडून पाहावे.